चर्चजवळच्या दगडावरचं नाव

प्रिय आई,

तू, धाकटा हनुस आणि मेंढ्या, सगळे धडधाकट असाल. मीही बरी आहे. कोपनहेगनची खोली उबदार आहे, पोटभर जेवते.

छातीतली कळ मात्र जात नाही. प्रत्येक डॉक्टर विचारतो, "वडील कशाने गेले?" मी मान ताठ करून सांगायचे, "समुद्राने नेलं." मग ते म्हणायचे, "मन शांत ठेवा, फिरायला जात जा."

परवा सुन्नुवामावशी सुकवलेलं मटण घेऊन आली. मला छाती दाबताना पाहून बोलून गेली, "अगं, तुझा बापही नावेत अस्साच छाती धरून कोसळला, मग पाण्यात पडला!" तिचे यजमान, आपले काका, त्याच नावेत होते. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे.

चर्चजवळच्या स्मारकाच्या दगडावर फक्त समुद्रात बुडालेल्यांची नावं कोरतात, म्हणून गप्प राहिलीस ना? बाबांना मान मिळाला गं. आणि मी तुझं खोटं डॉक्टरांपुढे अभिमानाने मिरवत राहिले.

काल खरं सांगितलं, तशा डॉक्टरीणबाई सावरून बसल्या. सोमवारी हृदयाची तपासणी आहे.

माझी समजूत काढत बसू नकोस. हनुस बोटीवर जायच्या आत त्याला सगळं सांग. त्या दगडावर बाबांच्या नावाखाली अजून जागा आहे, मी पाहिली आहे.

तरीही तुझीच,
मार्युन