ती झडप नव्हती

मु. सावरखेडे, ता. जामनेर
ता. ११-४-९०

चि. रुपचंद यास बेबाअक्काचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडेही असेल. झालं, रीत संपली.

त्या फोटोखाली ‘झडप’ असं कोणी लिहिलं? तू, की पेपरवाल्यानं? जामनेरच्या बाजारातून लताच्या लग्नाचा गूळ आणला, तो जानेवारीच्या पेपरात गुंडाळलेला. कागद चुलीत घालणार, तर आपल्या बांधावरची बाभूळ दिसली. वर गरूड, पंख ताणलेले, पाय पुढे काढलेले, आणि खाली तुझं नाव, पाचोरा गावासकट. बक्षीस मिळालं असंही लिहिलंय. कोणत्या तोंडानं घेतलंस? आणि घेतलंस तर घेतलंस, मला एका ओळीनं कळवायचं नाही? शेत माझं, बाभूळ माझी, त्या दिवशी गेलं तेही माझं, आणि मला ते गुळाच्या कागदावरून कळावं?

तू म्हणशील, अक्का, मी पत्र पाठवलं होतं. पाठवलं होतंस. दिवाळीच्या आधी आलं. मी ते न फोडता चुलीत घातलं. का घातलं ते पुढे येईल, दम धर.

हे मी स्वतः लिहिते आहे. तिसरीपर्यंतची शाळा, तीन दुपारी गेल्या एवढ्याला. लताला सांगितलं असतं तर घटकेत झालं असतं, पण हे तिच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

लताचं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याला एसटीत आहे, माणसं बरी आहेत, हावरट नाहीत. आखाजीनंतर (पत्रिकेत अक्षय तृतीया छापलंय) चौथ्या दिवशी तिथी धरली. सगळं जमलं, मामा नाही. अंतरपाटाच्या वेळी पोरीच्या पाठीशी कोण उभं राहील, असं मी आबांना विचारलं. माझा सासरा आता खाटेवरून उठत नाही, पण तोंड उठतं. म्हणाले, “त्या फोटोवाल्याले या घरात पाय ठेवू द्यायचा नाही. माह्या पोराले झाडावर चढवलं त्यानं.” वर म्हणाले, लग्नाच्या स्वयंपाकाला ती बाभूळच तोडा, आठ दिवस जळंल. मी म्हटलं, आखाजीपर्यंत थांबा. का थांबा ते सांगितलं नाही.

त्यांचं काय चुकलं? सारा गाव हेच म्हणतो. पंचनाम्यात हेच लिहिलंय. खाली माझी सही आहे.

आता दुसरं ऐक. गरुडाची जोडी यंदा परत आली. दिवाळी सरली आणि त्याच बाभळीवर काड्या आणायला लागली. मागच्या साली अंडी वाया गेली होती, तरी लाज नाही. मी दगड घेऊन गेले होते हाकलायला. मादी वरून बघत होती. मी खाली, ती वर. हात उचललाच नाही. मग बांधावर बसले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोज. बायका कापूस वेचायच्या आणि मी बसायची, जसे तुझे दाजी तुझ्याजवळ बसायचे. कडब्याच्या त्या आडोशात तुम्ही दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसलेले असायचे. दाजी तुझ्या कॅमेऱ्याच्या त्या हातभर नळीतून बघायचे आणि येऊन सांगायचे, “त्याच्या डोळ्यात मी दिसलो.” मी म्हणायची, “मग त्यालाच विचारा, कापूस कधी वेचायचा.”

बघून बघून काय कळलं ते लिहिते. देवाचं वाहन म्हणतात, पण घारीच्या पायातला उंदीर ओढून खातं. नर लहान, मादी मोठी. माणूस झाडाजवळ गेला की मादी उठते आणि लांबून फिरत राहते, जवळ येत नाही. माणूस जरा बाजूला झाला की परत येते. आणि बसायच्या आधी, रुपचंद, ती पंख ताठ करते आणि पाय पुढे काढते. रोज. प्रत्येक वेळी. काडी घेऊन आली तरी, उंदीर घेऊन आली तरी, नुसती आली तरी. चालती गाडी उभी करायला बैलाचा कासरा ओढतो तसं. ती झडप नाही. ते बसणं आहे.

मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं. मला वाटलं ती त्यांच्या पाठीवर पडते.

आता ते लिहिते, ज्यासाठी कागद घेतला.

तू नको म्हणाला होतास. मला शब्दन् शब्द आठवतो. म्हणालास, “दाजी, आड येते तर येऊ द्या, राहू द्या फांदी. उद्या आडोसा त्या अंगाला बांधतो, तिकडून घरटं मोकळं दिसेल.” मीच वेचणीच्या पाट्या घेऊन आले होते. तीन दिवस तुमचं उद्या उद्या चाललेलं, कापूस बोंडातून लोंबत होता, वाऱ्यानं मातीत पडत होता. मी म्हटलं, “एक फांदी तोडायला दोन पुरुष, आणि दोघंही बसलेले. बांगड्या आणून देऊ का?” दाजी हसले. थंडी होती म्हणून पांढरा रुमाल कानावरून बांधला, कुऱ्हाड कमरेला खोचली आणि चढले. तू त्यांचा पाय धरला होतास. त्यांनी सोडवून घेतला. हे मी जमादाराला सांगितलं नाही. त्यानं विचारलं, कोणी चढवलं? मी म्हटलं, माझ्या भावानं. तू समोर उभा होतास. खाली मान घालून उभा राहिलास. तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला वर्षभर राग आला. बोलला असतास तर मी भांडले असते, आणि भांडताना खरं निघालं असतं. तुझं पत्र जाळलं ते म्हणून. त्यातही तू माझ्यावर काही ठपका ठेवला नसशील, हे मला न फोडताच कळत होतं.

एवढंच असतं तर मी सोसलं असतं. बायका नवऱ्याला टोचून बोलतातच.

फांदी अर्धी तुटली होती. मादी वरून आली, पाय काढून. ते तिच्याकडे पाठ करून. मी ‘अहो’ म्हटलं, वाऱ्यात गेलं. दुसऱ्यांदा म्हटलं, तेही गेलं. मग मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली.

बावीस वर्षांच्या संसारात नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आणि ते वळले, रुपचंद. गरुडाकडे नाही, माझ्याकडे. एवढ्या वर्षांत कोण आपल्याला नावानं बोलावतंय ते बघायला वळले. वळताना हात सुटला. खाली बांधाचे दगड. बैलगाडीत जामनेरला नेईपर्यंतही राहिले नाहीत, ते तू पाहिलंस. आणि मादी तर घरट्याजवळ माणूस बघून तशीच वळून गेली होती. त्यांना शिवलीही नव्हती. मी गप्प राहिले असते तर ते फांदी तोडून खाली आले असते आणि मी म्हटलं असतं, चला आता कामाला.

हाक तू ऐकलीस का ते मला माहीत नाही. वेचायला आलेल्या सुगंधाबाईनं ऐकली. साक्रीकडची आहे ती. तेराव्यानंतर भांडी घासताना हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही मालकनं नाव लिधं ना?” नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्याकडेही म्हणतात. मी म्हटलं, भांडी घास. त्यानंतर तिनं विषय काढला नाही, पण माझ्या हातचा चहा पीत नाही.

हाकेनंतर आणि पडण्याच्या आधी तुझ्या कॅमेऱ्याचा ‘खट’ आवाज झाला. एकच. मी ऐकला. म्हणून मला माहीत आहे, हा तोच फोटो. तू गरूड टिपत होतास, तुला दुसरं काही दिसलं नसेल, मी त्याबद्दल बोलत नाही. पण पेपरात अर्धाच छापलाय. खालच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी आहे, नखाएवढं. शाळेच्या मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, ढग असेल. गरुडाच्या खाली ढग कुठून येईल? ते रुमालाचं टोक आहे. रुमालाखाली तोंड असणार. ते तुझ्याजवळ आहे.

मला तो फोटो पुरा पाहिजे. आबांसमोर ठेवीन आणि लताला शेजारी बसवून सगळं सांगीन, कोणी चढवलं आणि कोणी हाक मारली. पंचनामा बदलता येतो की नाही मला माहीत नाही, घरातलं बदलता येईल. मग तू पोरीच्या पाठीशी उभा राहा. आबा शिव्या देतील त्या मला देतील.

पण खरं सांगते, आबांसाठी तोंडी सांगितलं तरी चालेल. फोटो मला पाहिजे. वळले तेव्हा तोंड कसं होतं ते बघायचंय. रागावलेले होते, का घाबरलेले, का हसत होते. मी खाली होते, रुमाल माझ्याकडे वळलेला दिसला पण तोंड दिसलं नाही, माझे डोळे वर गरुडावर होते. दीड वर्ष मी रोज वेगळं तोंड बघते.

वाईट असेल तरी आण. मला बरं वाटावं म्हणून लपवलंस तर मला कळेल. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, ते काम माझंच होतं.

पोस्टानं पाठवू नकोस, वाकेल. आखाजीला भाऊ बहिणीला घ्यायला येतो. मागच्या साली आला नाहीस, मी उंबऱ्यात बसले नाही असं समजू नकोस. या साली मी माहेरी येणार नाही, घरात लग्न आहे, पण तू ये. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीला कुऱ्हाड लागेल, ती मी थांबवणार नाही. त्याच्या आत, म्हणजे आखाजीच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत, फोटो घेऊन दारात उभा राहा, नाहीतर नाही म्हणून लेखी कळव.

बेबाबाई पाटील
(मधलं, त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही.)