सरासरी उतार

६ नोव्हेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उद्यानातल्या टेकडीची, एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणारी पायवाट मोजून झाली. अंतर पावणेदोन किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं, बहुतेक ठिकाणी झाडांची सावली. पाटीवर ‘सोपी’ असा शेरा आहे. तो मीच दिला. रविवारी वाट सगळ्यांसाठी खुली होते.

तू विचारलंस, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला झेपेल का, मध्ये एखादी अवघड जागा आहे का. सरासरी उतार पाच टक्के आहे. काका म्हणतात, तू आता शिलाई मशीनचाच एक भाग झाली आहेस. तेव्हा जाऊन ये.

काकांना नमस्कार. तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझी भाची

२१ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस अ. उ. आ.

अक्षर काकांचं आहे, बोलणं माझं. आम्ही गेलो होतो. किती दिवसांनी पानांवरून चालले! काकांनी तीनदा दम खाल्ला आणि तिन्ही वेळा पक्षी बघत होतो म्हणाले. (हे खोटं आहे. दोनदा. – काका)

उतरताना माझा पाय सटकला. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, सहा आठवडे. कात्री धरता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे परत केले. गुडघा शाबूत आहे. मी मुळातच वेंधळी, तू मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांना सांगते, वाट माझ्या भाचीने मोजली आहे.

जेवतेस ना वेळेवर? पत्र पाठव. आमचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात ठेव.

आत्या

२ डिसेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मी अकरा दिवस घेतले.

तू पडलीस ती जागा वाटेवरच्या अंतराच्या अकराव्या आणि बाराव्या खांबांच्या मध्ये असणार. तिथे तीस मीटर उतार सत्तावीस टक्के आहे, खाली सुटी खडी. माझ्या वहीत तशी नोंद आहे. वीस टक्क्यांच्या वर कठडा लागतो, आणि कठडा लावायचा तर वाट रविवारी खुली झाली नसती. साहेब घाईत होते. मी ते तीस मीटर पुढच्या-मागच्या सपाट तुकड्यांत मिसळले. बेरीज बरोबर आली.

तू मला सरासरी विचारली नव्हतीस. अवघड जागा आहे का, एवढंच विचारलं होतंस. मला उत्तर माहीत होतं.

काल मी ऑफिसात लेखी दिलं. साहेबांनी विचारलं, हे आधी का लक्षात आलं नाही. मी म्हटलं, आलं होतं. पाटी उतरवली आहे. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. तुझं मनगट त्याने बरं होणार नाही, हे मला कळतं.

तू वेंधळी नाहीस. मायेचं मागणं या खेपेस मागत नाही.

भाची

१० डिसेंबर

चि. मोजपट्टीस आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहिते आहे, लागलं तर दोनदा वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा काकांनी वाचून दाखवलं आणि फिरायला निघून गेले. तू ऑफिसात खरं सांगितलंस, ते चांगलं केलंस. नोकरी गेली तर इथे ये, खोली रिकामीच आहे.

पण एक गोष्ट मागच्या पत्रात मी काकांना लिहू दिली नव्हती. तू लिहिलेली जागा तीच. तिथली उतरण बघून मी काकांचा दंड धरला. काका म्हणाले, इथूनच परत फिरू. मीच त्यांच्यावर डाफरले. म्हटलं, पोरीला मी विचारून घेतलंय. असं काही असतं तर तिने मला सांगितलं असतं.

राग आहे. लोभही आहे. आज दोन्ही पाठवते.

आत्या