किल्ली शेवटी आहे

४ डिसेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुम्हांला चुकीचं कळवलं. ‘तळमजला’ या अल्बमची सुरुवात ‘किल्ली’ने होत नाही. ‘किल्ली’ त्यातलं शेवटचं गाणं आहे. ‘ओला रंग’ शेवटी नाही, पहिलं आहे. मधलं एकही गाणं मी सांगितलेल्या जागी नाही. ते पत्र कोणाला वाचून दाखवलं असेल, तर कृपा करून त्यांना हेही वाचून दाखवा.

दादाचा फोन बादलीत पडल्यापासून तो पळायला जाताना माझा नेतो. आणि आपल्या घरातला हा माणूस, पत्ते पिसावेत तशी गाणी पिसून ऐकतो! त्याने फोनवरचं ते गाणी पिसायचं, शफलचं बटण दाबून ठेवलं. फोनने तोच पिसलेला क्रम धरून ठेवला, आणि मला दर वेळी तोच ऐकू आला. औषधाच्या दुकानात प्रत्येक बाटलीचं लेबल तीनतीनदा वाचणाऱ्या मला ते बटण दिसलं नाही.

त्याहून लाज वाटते ती माझ्या चार पानांची. पहिल्याच गाण्यात घराची किल्ली परत देऊन टाकणं किती धीट, मग सामान, मग जिन्याखाली राहून गेलेली सायकल, आणि शेवटी नव्या घराचा ओला रंग, असं मी काय काय लिहिलं होतं. खऱ्या अल्बममध्ये माणसं घरात राहायला येतात आणि शेवटी निघून जातात. मी त्यांना उलटं चालवलं.

शाळेत नाव घालायच्या आधी तुमच्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मी पहिली गोष्ट शिकले ती हीच, की अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकायचा. आता २८ तारखेला सगळे आपापला या वर्षातला आवडता अल्बम घेऊन तुमच्याकडे जमतील, तेव्हा मी कोणत्या तोंडाने ‘तळमजला’ लावू?

माझ्या सहा गाण्यांचं विचारलंत. ती उन्हाळ्यातच रेकॉर्ड झाली. कोणतं आधी आणि कोणतं नंतर हे ठरत नाही, म्हणून कोणालाच ऐकवलेली नाहीत. तो विषय यंदा नको.

मामींना नमस्कार. लोभ या चुकीपुरता कमी केलात तरी चालेल, पण काढून घेऊ नका.

तुमची भाची


९ डिसेंबर

चि. तपासनीस हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर माझा प्लेअर वाचला असता. ‘तळमजला’ आणला, लावला, आणि ‘किल्ली’च्या जागी भलतंच सुरू झालं. मामी म्हणाली की पोरीचं काहीतरी चुकलं असेल. मी म्हणालो, जग चुकेल, तीनतीनदा लेबलं वाचणारा आमचा तपासनीस चुकायचा नाही. आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन प्लेअर उघडला. आता तो चालतो, पण दोन स्क्रू उरलेत. ते कुठले, हे मामी रोज जेवताना विचारते. अल्बमबद्दल फोनवर बोलायचं नाही, जे काय ते कागदावर, हा नियम माझाच असल्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

पण ऐक. काल मी तुझ्या क्रमानेही ऐकला. दर गाण्याला उठून दुसरं लावायला जात होतो. न उठण्याचा नियम करणारा मीच, म्हणून मामी हसून हसून बेजार. ‘सामान’ संपून ‘सायकल’ लागलं आणि मामीनेच ती जोडी पुन्हा लावायला सांगितली. एका गिऱ्हाइकाचा चष्मा मी डाव्याउजव्या काचांची अदलाबदल करून बसवला, इतका वेळ ते डोक्यात होतं.

गाणी बटणाने पिसली, हे मान्य. पण एकामागे दुसरं का यावं, हे बटणाने नाही सांगितलं. ते तू सांगितलंस, आणि मला पटलं. परक्यांच्या विस्कटलेल्या गाण्यांना जी मुलगी वाट शोधून देते, तिची स्वतःची सहा गाणी उन्हाळ्यापासून दारात का ताटकळली आहेत? अल्बम याच वर्षीचा हवा, एवढाच आपला नियम. तो परक्याचा हवा असं मी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

मामीचे आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे. प्लेअरबद्दल तसं म्हणवत नाही.

मामा


१४ डिसेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

दोन स्क्रूंबद्दल माफी.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. नको, मामा. आपला दुसरा नियम विसरलात का? अल्बम लावायच्या आधी ज्याने त्याने त्याची खोट सांगायची. माझ्या गाण्यांतली एकेक खोट सांगत बसले तर गाणी ऐकायला वेळच उरणार नाही.

सगळ्यांत मोठी सांगते. मी रेकॉर्डिंग दुकानाच्या मागच्या स्टोअरमध्ये केलं. तिथे छतापर्यंत कापसाची खोकी आहेत, त्यामुळे आवाज घुमत नाही, छान कोरडा येतो. पण तिथेच लसींचा फ्रिज आहे, आणि तो घूं करतो. मालकीणबाई म्हणाल्या की पाच मिनिटं बंद केलास तरी लसींचं काही बिघडणार नाही. पण मला ते जमेना. कोणाच्या तरी बाळाची लस, आणि मला गाणं सुचलं म्हणून ती कोमट! मग मीच माझा सूर फ्रिजच्या सुराला लावला. सहाही गाणी त्याच सुरात आहेत आणि सहांतही तो घूं करतो.

दादाला कळलं तर तो मला जन्मभर फ्रिजवाली म्हणेल. मी ‘तळमजला’च आणते, खऱ्या क्रमाने. एवढं ऐकून लोभ ठेवावा.

तुमची भाची


१८ डिसेंबर

चि. तपासनीस हिला,
अनेक आशीर्वाद.

आग्रह करत नाही. फक्त नियम नीट सांगतो, कारण तो तू चुकीचा लिहिलास. खोट सांगायची ती एकच. शंभर असतील तरी एकच. आणि तुझी तर सापडलीच आहे.

मामी म्हणते, पाकिटावर ‘साथ : फ्रिज’ असं छापा. लोभ तिचाही धरून चाल.

मामा


२२ डिसेंबर

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

आज सकाळी दादा पळून आला आणि पाणी पिता पिता मला विचारू लागला की ही ‘स्टोअर’ नावाची मंडळी कोण. मला काही कळेना. तो म्हणाला की तुझ्या फोनवर ‘स्टोअर एक’, ‘स्टोअर दोन’ अशी गाणी आहेत, गेला महिनाभर माझ्या गाण्यांत मधूनमधून लागतात. चढावर लागली की पाय दुखायचे थांबतात. गाणारी बाई चाळिशीची तरी असावी, असं त्याचं मत. आणि खाली एक कसलं तरी वाद्य सतत घूं करतं, ते त्याला फार म्हणजे फार आवडलंय! वाद्याचं नाव काय, हेही त्याने विचारलं.

मामा, मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले. दूध उतू गेलं.

मग तो म्हणाला की यंदाचा त्याचा अल्बम ठरला, हाच. रविवारी मामांकडे लावणार. फक्त क्रम कोणता ते त्याला माहीत नाही, कारण तो पिसूनच ऐकतो. मला माहीत असेल तर लिहून ठेव म्हणाला.

त्याला खरंच कळलं नाही, की कळून माझी फिरकी घेतो आहे? चेहऱ्यावरून काही सांगता येईना. पण दुपारी गिऱ्हाइकं नव्हती तेव्हा काउंटरवर बसून मी क्रम लावला, आणि तो एका दमात लागला. सुरुवातीला नुसता फ्रिज, मग मी.

आता माझी खोट तो वाद्य म्हणून सांगणार, हे मला चालणार नाही. ती मीच सांगेन. तेव्हा रविवार, २८ डिसेंबर, जेवणं आटोपली की दादा उठायच्या आत मी उठणार आहे. प्लेअर घट्ट करून ठेवा. मामींना नमस्कार, आणि लोभ त्या दुपारी जास्तीचा लागेल.

तुमची भाची