एकाच किल्लीची एकोणीस दारं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). भाऊजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही सगळे खुशाल. सगळे म्हणजे नक्की किती, हे मात्र हल्ली छातीठोकपणे सांगवत नाही.

तो अवाढव्य देश जागतिक व्यापार करारात सामील झाला आणि त्यांच्या कुलपांवरची आपली जकात उतरली, हे तू वाचलंच असशील. त्यासोबत आपला एक जुना कायदाही गेला. प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असल्याचा सरकारी शिक्का लागायचा, ती म्हणे व्यापारातली आडकाठी. तीन महिन्यांत आमचा कारखाना बंद पडला. मालक तिकडचीच कुलपं मागवू लागले आणि बावीस वर्षं किल्ल्या घासलेल्या मला त्यांनी विक्रीला बसवलं. कुलपं देखणी आणि स्वस्त. आमच्या गल्लीत घरोघरी मीच बसवून दिली (हौसेने, हे कबूल करतो).

तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी घरी आलो, दार उघडलं, चपला काढल्या, पाणी प्यायलो, खुर्चीत टेकलो, तर समोर भिंतीवर अनोळखी म्हाताऱ्याचा फोटो. मी जिना चुकलो होतो. आतून शेजारच्या जिन्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि न दचकता म्हणाल्या, "बसा. तुम्ही आजचे तिसरे."

मग मी गल्लीतल्या एकोणीस दारांना माझी किल्ली लावून पाहिली. सगळी उघडली, जराही कुरकुर न करता.

सरकारी कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "तक्रार तुम्हाला करता येत नाही. आपल्या सरकारने त्यांच्या सरकारविरुद्ध लवादाकडे करायची. चारेक वर्षं जातात. काही चोरीला गेलंय?"

काहीच गेलं नव्हतं. भीती त्याचीच. घरात भांडी घासलेली सापडायची, पांघरुणांच्या घड्या झालेल्या असायच्या (तुझ्या भावजयीला वाटलं मीच करतो, म्हणून आठवडाभर ती माझ्याशी गोड बोलत होती). पुढच्या आठवड्यात शनिवारी आलो तर माझ्या खुर्चीत एक गृहस्थ माझं वर्तमानपत्र वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?" ताई, मी "माफ करा" म्हणून बाहेर आलो. जिन्यात उभं राहून घराचा नंबर तीनदा वाचला. आमचाच होता. परत आत गेलो, तर खुर्ची रिकामी, पण ऊबदार. मागच्या दाराला बाहेरून व्यवस्थित कुलूप लावलेलं.

लगेच सोमवारी नोकरी सोडली. आता कानस घेऊन घरोघरी हाताने घडवलेली कुलपं फुकट बसवतोय. सात झाली. मुख्याध्यापिका मात्र नको म्हणाल्या. "राहू द्या. दुपारी कोणीतरी येतं."

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि घरात आणखी कोणी असेल तर त्यांनाही.

तुझा धाकटा

ता. क. : तुझ्या नव्या घरासाठी पाठवलेलं कुलूप त्याच खोक्यातलं आहे. आजच काढून टाक. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, धीर झाला नाही.

ता. क. २ : 'आम्ही नसताना येऊन गेलास, चहाचा कप धुऊन पालथा घातलास, भेटला मात्र नाहीस,' असं तू रागाने लिहिलंस. ताई, मी वर्षभरात तुमच्या गावाला आलेलोच नाही.