शेवगाव स्टेशनचा निवेदक रजेवर

शेवगाव,
१८ फेब्रुवारी १९७२

प्रिय कानिफ,

तुझं तिसरं कार्ड पोचलं. पुण्याच्या रेडिओवर बाजारभाव तूच वाचतोस, फक्त नाव सांगायची परवानगी नाही, हे पुन्हा एकदा कळलं. इकडे तुझ्या माघारी आपलं स्टेशन लंगडत का होईना, चालू आहे.

स्टेशन कसलं म्हणा! माझं लाउडस्पीकरचं दुकान, अकरा रेकॉर्डी आणि बाजारतळावरच्या लिंबाला बांधलेले दोन कर्णे. पण तू माइकपुढे बसलास की अख्खा बाजार त्याला स्टेशनच म्हणायचा. बन्सी सायकलवाल्याची जाहिरात तू इतकी रंगवलीस की लोक नव्या सायकली बघायला धावले आणि त्याच्याकडे निघाला पंक्चरचा डबा. बोधेगावचा भीमा फर्माईशीच्या चिठ्ठीत घरच्या नऊ जणांची नावं लिहायचा आणि शेवटी दोन्ही बैलांची. तू बैलांनाही 'श्री' लावायचास. शेजारची गिरणी सुरू झाली की वीज कमी पडून गाणारी बाई पुरुषी आवाजात गायची, तेव्हा तू तिला सर्दी झाल्याचं जाहीर करायचास. आणि बोलण्याआधी तुझं ते नाक ओढणं! कर्ण्यातून सुर्रकन आवाज आला की कांदेवाल्या बायासुद्धा गप्प व्हायच्या. त्यावरून मी तुला किती बोललो असेन.

तू गेल्यावर माइक मी घेतला. पहिलीच सूचना होती हरवलेल्या शेळीची. मी शेळीचा रंग सांगायचा विसरलो. संध्याकाळपर्यंत दुकानापुढे सात शेळ्या बांधलेल्या, आणि मालकाची त्यात एकही नाही! तेव्हापासून मी भावाच्या वेळी रेडिओच माइकपुढे ठेवतो, म्हणजे तुझा आवाज सगळ्यांना ऐकायला मिळावा. लोक खूश आहेत. भीमा म्हणतो, ज्याला ज्वारी-बाजरीतला फरक कळत नव्हता तो भाव सांगतोय, कलियुग आलं. आवाज जाड का झाला असं कुणी विचारलं, तर मी ते पुण्याच्या पाण्यावर ढकललं. एकदा मात्र एक बाई भाव वाचायला लागली. तेव्हा तू रजेवर आहेस असं सांगून वेळ मारून नेली. दोन महिने मी असं खोटं बोलतोय, कानिफ, आणि या कामात तुझ्याइतका तयार मी नाही.

तुझी आई, झुंबरमावशी, रोज येते. दारातल्या पोत्यावर बसते, भाव शेवटपर्यंत ऐकते आणि काही न बोलता जाते. मला वाटायचं, पोराच्या कौतुकात आहे. काल उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आल्लाबक्ष, ह्यो माझा कानिफ न्हाई. पयल्या दिवशीच कळलं मला. ह्यो बोलायच्या आधी नाक वढत न्हाई. तू लई हौसेनं सांगत हुतास, म्हनून गप बसले." 

म्हणून हे पत्र. रेडिओच्या अर्जावर तू दुकानाचा पत्ता दिला होतास, ते विसरलास. आवाजाच्या परीक्षेचा निकाल दोन महिन्यांपूर्वी इथेच आला आणि तो मी फोडला. निवड झाली नाही, एवढंच त्यात होतं. एका रेकॉर्डच्या पाकिटात तो दडवून ठेवलाय, कुणाला दाखवला नाही. तू मलाही खरं सांगितलं नाहीस याचा राग आला, आणि तू तिकडे एकटाच असशील म्हणून रडूही आलं. पुण्यात काय करतोस, काय खातोस, हे मी विचारणार नाही. मावशीचा निरोप तेवढा कळवतो, "त्याला म्हनावं, तिकडं न्हाई घेतलं तर न्हाई. नाक घिऊन घरी ये." परवा रविवारचा बाजार आहे, नाहीतर त्याच्या पुढचा. सकाळच्या एसटीनं निघ. कुणी विचारलं तर रजेवर आलाय म्हणून सांगू. रजा मी मंजूर केली आहे. माइक चालू करून ठेवतो. आल्या आल्या बोलू नकोस काही, नुसतं नाक ओढ.

तुझाच,
अल्लाबक्ष