सुमेधला विचारलं त्या दिवशी

४ जुलै
प्रज्ञा आली अंबरपेठहून, ऑफिसातून परस्पर. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, दिवस गेलेत." मी तिला धरूनच बसले. सुमेध आतून ओरडला, "मामा बन रहा मैं! ताई, मिठाई किधर है?" ह्यांनी खाली जाऊन जिलेबी आणली. सुमेधला भरवताना पाक त्याच्या हनुवटीवर ओघळला, तो प्रज्ञानं ओढणीनं पुसला. आणि मग दोघी एकमेकींकडे बघेनाशा झालो. दोघींच्या मनात तेच.

७ जुलै
सुट्टी टाकली. मी, प्रज्ञा, जावई निखिल, हॉस्पिटलात. जेनेटिकच्या मॅडम वयानं लहान, पण शांत. सुमेधचा लहानपणीचा रिपोर्ट पाहिला. स्नायू टिकवणारा जो जीन, त्याचा एक तुकडाच गळालाय. ते कळलं तेव्हा माझीही तपासणी झाली होती. माझ्याकडूनच. बाईला स्वतःला सहसा फार त्रास होत नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो. आता प्रज्ञाच्या रक्तात तोच गळालेला तुकडा शोधणार. लग्नाआधीच करायचं होतं, ती म्हणायची वेळ आल्यावर बघू. निखिलला तेव्हाच सगळं सांगितलेलं. आज मॅडमच्या टेबलाखाली त्यानं तिचा हात धरला होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१८ जुलै
प्रज्ञाकडेही आहे.
ऑफिसात फोन आला. पुढ्यातल्या फायली तशाच. तारनाक्याहून घरी कशी आले, आठवत नाही. संध्याकाळी ती आली, मांडीवर डोकं ठेवलं. मी म्हणाले, "माझ्यामुळं गं." तर म्हणते, "हे नाक पण तुझंच आलंय. त्यावरून कधी भांडले का?" हसले. मग रडले. मग चहा केला.

२२ जुलै
मुलगा असला तर निम्मी शक्यता, म्हणे. मुलगा की मुलगी ते सांगणार नाहीत, कायदाच आहे. आजार आहे की नाही, एवढंच सांगतील. बाळाच्या वारेतला बारीक नमुना घेऊन त्यातला डीएनए तपासतात. प्रज्ञा म्हणते, करू. दुसऱ्या दिवशी म्हणते, नको. सुमेधसमोर दोन्ही म्हणत नाही.

२६ जुलै
सुमेध ऑनलाइन बुद्धिबळ शिकवतो. आज शिकवणी संपल्यावर मला बोलावलं, मोबाईलवर परदेशातलं काहीतरी दाखवलं. जीन दुरुस्त करायचं इंजेक्शन. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत जीनची छोटी आवृत्ती भरून शरीरात सोडतात. मी विचारलं, "तुला चालेल?" "छोट्या पोरांसाठी आहे. पूरा बरा होत नाही कोणी. पण रस्ता तर दिसला ना, आई." त्याचे डोळे चमकत होते. मला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

२ ऑगस्ट
आज झालं ते नीट लिहून ठेवते.
जेवायला सगळे होतो. निखिल हळू आवाजात ह्यांना काही सांगत होता, सुमेध आल्यावर गप्प झाला. सुमेधनं व्हीलचेअर टेबलाला लावली आणि म्हणाला, "तपासणीत माझ्यासारखं निघालं तर ठेवणार नाही, हेच ना?" ताटात कुणाचा हात हलेना. "मला विचारा ना. घरात इतकी चर्चा चाललीय, मुझे कोईच नहीं पूछता."
शेवटी मीच विचारलं. "सांग बाळा. काय वाटतं?"
तो म्हणाला, "मला जगायला आवडतं. खरंच. तुमच्याशी भांडायला, मॅच बघायला, सगळं. पण शाळेत सगळे पळायचे आणि मी पडायचो, का पडतो ते कळायचं नाही, ते दिवस मी कुणाला देणार नाही. दोन्ही खरं आहे. एकच जवाब नक्को मांगो."
प्रज्ञा उठून त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली. "मी नको म्हटलं, तर तुला नको म्हटल्यासारखं होईल, याची भीती वाटते रे."
"मैं तो आ चुका, ताई. मला आता कोण नको म्हणणार? तू तुझं बघ. काहीही ठरव, मामा मीच."
हे बेसिनपाशी उभे. पाणी नुसतंच वाहत होतं.

८ ऑगस्ट
तपासणी झाली. प्रज्ञाचा हट्ट, सुमेधनं यायचंच. बरकतपुऱ्याहून आमचा सगळा लवाजमा निघाला, खुर्ची डिकीत, सुमेधचं श्वासाचं मशीन माझ्या मांडीवर. आत निखिललाच सोडलं. बाहेर आल्यावर ती पांढरीफटक. बाकावर सुमेधजवळ बसली. त्याला आता हात उचलवत नाही. तिनंच तो उचलून आपल्या पोटावर ठेवला. मी दुसरीकडे पाहत होते, तरी दिसत होतं.

१३ ऑगस्ट
वाट बघणं. ऑफिसात दोन चुका केल्या, साहेब काही बोलले नाहीत. सुमेध नावं काढून बसलाय, मुलाची पण, मुलीची पण. मी रागावले, आत्ताच कशाला? तर म्हणे, "नाव ठेवायला रिपोर्ट लागतो का?" निखिलचा फोन येतो रोज, इकडचं तिकडचं बोलतो. शेवटी विचारतो, "आई, तुम्ही जेवलात ना?"

१९ ऑगस्ट
सकाळी हॉस्पिटलातून फोन, रिपोर्ट आलाय, या. फोनवर सांगत नाहीत. मॅडमच्या आवाजावरून काही समजतंय का, प्रज्ञा तेच तेच आठवत बसली. काही समजलं नाही. निघण्याआधी आमच्याकडे आली. भूक लागलीय म्हणाली. धपाटे नि दही दिलं. एक घास स्वतः, एक सुमेधला, लहानपणी भरवायची तसा.
मी येते म्हटलं. नको म्हणाली. "मी नि निखिल जातो. तू इथं थांब."
सुमेध म्हणाला, "जाओ. कुछ भी रहा, तरी इधरच आना."
गाडी वळेपर्यंत गॅलरीत उभी राहिले. हे आत पेपर धरून बसलेत, पान उलटत नाहीत.
"आई," सुमेधनं हाक मारली, "भात लाव. जास्तीचा लाव. येतील तेव्हा भुकेले असतील."
लावलाय. शिट्टी व्हायचीय अजून.