उपास सोडायची संत्री

भोपाळ, ५ डिसेंबर १९५९

चि. सौ. मनोरमास नीळकंठदादाचे अनेक आशीर्वाद.

देशभर लाचलुचपतीविरुद्ध चळवळ पेटलीय आणि तुझा म्हातारा दादाही तीत शिरलाय. इथे सरकारी क्वार्टर पाळीनं मिळत नाही, साहेबाचे हात ओले केले की मिळतं. आपल्या नागपूरच्या रत्नप्रभाबाईंच्या नवऱ्यानं लाच दिली नाही, म्हणून त्यांच्या वाट्याच्या घराला अजून कुलूप. आमचे पुढारी नरहरजी उद्यापासून उपोषणाला बसतात, शेजारी मीही. माणसं जमवायचं काम माझ्याकडे आहे. वर्गात कविता म्हणवून घ्यायचो त्याच चालीवर घोषणा बसवल्या, तर पिपलानीच्या कारखान्यातले कामगारसुद्धा ताल धरू लागले! चौकशी लागल्याशिवाय कुणी उठणार नाही, असा शब्द मी दारोदार दिलाय. विश्वास घाबरतो. लेक माझा, पण नोकरी सरकारी ना!

लोभ आहेच, काळजी तेवढी वजा कर.

तुझा दादा

नागपूर, ८ डिसेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

एकादशीला दोनदा खिचडी मागणारा तू, आणि उपोषण! वहिनी असती तर तुला खोलीत कोंडलं असतं. त्या कवितांनी लहानपणापासून डोकं बिघडवलंय तुझं. तू फिका पडलायस, अशी विश्वासची तार आली. शेजारचे अच्युतराव आज तिकडे निघालेत, त्यांच्याबरोबर संत्र्यांची करंडी पाठवतेय. उपास सुटेल तेव्हा पहिलं तोंडात घालायचं ते माझं संत्रं. माझी शपथ आहे.

धाकटीवर माया असेल तर जिवाला जप.

मनू

भोपाळ, ११ डिसेंबर

चि. सौ. मनूस आशीर्वाद.

करंडी पोचली. तिच्यातल्या संत्र्यांचा रस नरहरजी प्यायले, मंत्र्यांच्या हातून. ज्यांच्या खात्याविरुद्ध बसलो तेच पेला घेऊन आले आणि विचार करू म्हणाले. चौकशीचं नावही नाही. नरहरजी हार गळ्यात घालून जबलपूरच्या गाडीला गेले. टाळ्या फार वाजल्या गं. माझ्यापुढेही पेला आला, तो मी खाली ठेवला. एक संत्रं कोटाच्या खिशात टाकलं आणि दारोदार सांगत फिरलो, की काहीही मिळालेलं नाही. कुणी दार लोटून घेतलं, कुणी मास्टरसाब, आराम करो म्हणालं. पाय भरून आले. रत्नप्रभाबाईंनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मग उद्या बसायचं कुठे.

हे पत्र त्यांच्या त्या कुलूपबंद घराच्या ओट्यावरून लिहितोय. दोघं-चौघंच आहोत. ओरडायचं त्राण नाही, बाई माझी चाल नुसती गुणगुणतात. विश्वास पाणी नि शाल ठेवून गेला.

रागावू नकोस. शपथ मोडलेली नाही, तुझं संत्रं अजून खिशातच आहे.

दादा